वेण्णा तलाव : एका वादग्रस्त राजाचे पाणी

१/
महाबळेश्वरला जाणारा जवळजवळ प्रत्येक पर्यटक वेण्णा तलावावर थांबतो. होडीत बसतो, घोड्यावरून एक फेरी मारतो, भाजलेले कणीस खातो आणि पुढे निघतो. ज्या पाण्यावर आपण वल्ही मारली, तेच पाणी शुद्ध होऊन संध्याकाळी हॉटेलच्या नळातून येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तलाव बांधवणाऱ्या राजाचे नाव ठाऊक असणारे त्याहूनही थोडे. हा धागा त्या पाण्याविषयी आणि त्या राजाविषयी.

२/
आरंभ एका विसंगतीपासून. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी सुमारे साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याच्या कितीतरी पट. सह्याद्रीचा हा माथा सुमारे १,३५० मीटर उंचीवर असून अरबी समुद्रावरून येणारे ढग थेट त्यावर आदळतात. मग इतक्या पावसाच्या गावाला पाणी साठवण्यासाठी तलाव का लागावा?

३/
उत्तराचा एक भाग खडकात आहे. या पठाराच्या माथ्यावर जांभ्याचा थर आहे आणि त्याखाली बेसाल्टचे, म्हणजे काळ्या पाषाणाचे थर आहेत. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून खाली झिरपते आणि जिथे खालचा घट्ट थर लागतो, तिथे डोंगराच्या कुशीतून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. परिणामी झरे उतारावर वाहतात आणि माथा मात्र लवकर कोरडा पडतो.

४/
दुसरा भाग दिनदर्शिकेत आहे. येथील नव्वद टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. दिवाळीनंतर ओढे आटू लागतात. एप्रिल-मे महिन्यांत पाणी सर्वांत कमी असते आणि नेमकी तेव्हाच माणसांची गर्दी सर्वांत जास्त असते. महाबळेश्वरच्या पाण्याचा सारा इतिहास या एका गैरमेळाभोवती फिरतो.

५/
हा गैरमेळ गेल्या दोनशे वर्षांतला. त्यापूर्वीचे महाबळेश्वर म्हणजे ‘क्षेत्र महाबळेश्वर’, सध्याच्या बाजारपेठेपासून काही किलोमीटरवरचे तीर्थस्थान. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तेथील पंचगंगा मंदिरात मानला जातो. पुराणकथेत सावित्रीच्या शापामुळे विष्णू कृष्णा झाला, शिव वेण्णा झाला आणि ब्रह्मदेव कोयना झाला. यात्रेकरू झऱ्याजवळ येत, स्नान करीत आणि परतत. त्या संख्येला झरे पुरत होते.

६/
देवगिरीच्या यादवांपैकी राजा सिंघण याने तेराव्या शतकात येथे मंदिर आणि कुंड बांधले, अशी परंपरा सांगितली जाते. पुढे १६५६ मध्ये जावळीचे खोरे शिवाजी महाराजांच्या ताब्यात आले. जानेवारी १६६५ मध्ये सूर्यग्रहणाच्या पर्वावर महाराजांनी जिजाबाईंची सुवर्णतुला याच क्षेत्री केली. वृद्ध सोनोपंत डबीर यांचीही तुला त्याच वेळी झाली. थोडक्यात, हा डोंगर ‘अज्ञात’ कधीच नव्हता.

७/
तरीही पर्यटनाच्या पुस्तिकांत महाबळेश्वरचा ‘शोध’ १८२४ साली लागतो! साताऱ्याच्या छावणीतील पीटर लॉडविक हा इंग्रज अधिकारी त्या वर्षी डोंगर चढून आला आणि त्याने येथील हवेविषयी लिहिले. १८२६ च्या सुमारास साताऱ्याचे रेसिडेंट जॉन ब्रिग्ज यांनी येथे स्वतःसाठी बंगली बांधली. १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी आजारी सैनिकांसाठी आरोग्यधाम सुरू केले.

८/
या यादीत एक नाव नेहमी गळते. हा प्रदेश साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्या राज्यात होता. ब्रिग्जच्या आग्रहावरून साताऱ्याहून वर येणारा गाडीरस्ता प्रतापसिंहांनी बांधवला. १८२९ मध्ये करार होऊन डोंगरावरील जागा कंपनीकडे गेली आणि मोबदल्यात वाई भागातील खंडाळा हे गाव साताऱ्याला मिळाले. नव्या वस्तीला नाव पडले माल्कम पेठ.

९/
माल्कम पेठेची गरज यात्रेकरूंच्या गरजेहून वेगळी होती. मुंबईचे सरकार उन्हाळ्यात कारभारासह येथे येऊ लागले. साहेब आले, त्यांच्यामागे नोकरचाकर, घोडे, बैल, पारशी आणि बोहरी दुकानदार आले. प्रत्येक बंगल्याला बाग हवी. बटाटा, भाजीपाला, पुढे स्ट्रॉबेरी, या सर्वांना ऐन कोरड्या महिन्यांत पाणी हवे.

१०/
या बागांशी एक विस्मृत प्रकरण जोडलेले आहे. मलाया आणि सिंगापूरच्या इंग्रज वसाहतींतून पाठवलेले चिनी व मलायी कैदी १८३० च्या दशकापासून सुमारे तीस वर्षे येथील तुरुंगात होते. रस्त्यांची कामे त्यांच्याकडून करून घेतली जात आणि भाजीपाल्याची लागवडही. महाबळेश्वरच्या शेतीची आजची कीर्ती सांगताना या बंदिवानांच्या श्रमाचा उल्लेख क्वचितच होतो.

११/
आता डोंगर उतरून साताऱ्याला जायला हवे. कारण तलावाची गोष्ट तिथल्या राजवाड्यात घडते. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या योजनेनुसार प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवण्यात आले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने त्यांचे राज्य निश्चित झाले. राज्य होते, पण परराष्ट्र संबंध ठेवण्याचा अधिकार नव्हता. दरबारात कंपनीचा रेसिडेंट होता.

१२/
प्रतापसिंह कर्तबगार निघाले. त्यांनी शाळा काढल्या, ग्रंथसंग्रह केला, छापखाना आणला, रोजनिशी ठेवली. जहागीरदारांवरील अधिकाराच्या प्रश्नावर त्यांचे कंपनीशी बिनसले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार आणि कंपनीच्या देशी अधिकाऱ्यांना फितवण्याचा प्रयत्न, असे तीन आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले.

१३/
आरोप मान्य केल्यास गादी राहील, असा प्रस्ताव त्यांच्यापुढे आला. त्यांनी तो नाकारला. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले. १८४७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या न्यायासाठी रंगो बापूजी गुप्ते वर्षानुवर्षे लंडनला ठाण मांडून होते. प्रबोधनकार ठाकरे यांनी या दोघांवर ग्रंथ लिहिला आणि मराठी मनात प्रतापसिंहांची प्रतिमा पक्की झाली : अन्याय सोसणारा, पण न वाकणारा राजा.

१४/
त्यांच्या जागी इंग्रजांनी गादीवर बसवले ते त्यांचे धाकटे बंधू शहाजी, म्हणजेच आप्पासाहेब महाराज. थोरल्या भावाच्या पदच्युतीतून मिळालेली गादी. लोकस्मृतीने त्यांना कधीच पूर्ण माफ केले नाही. प्रतापसिंहांच्या कथेत त्यांचे स्थान एखाद्या परिच्छेदापुरते असते आणि तो परिच्छेद बहुधा कडवट असतो.

१५/
याच आप्पासाहेबांनी १८४२ मध्ये माल्कम पेठेजवळ, वेण्णेच्या वरच्या अंगाला बांध घालून तलाव बांधवला. हाच वेण्णा तलाव. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ एकर सांगितले जाते. बांधाखालच्या मळ्यांना आणि बागांना वर्षभर पाणी मिळावे, हा मूळ हेतू. येथून पुढे नदी लिंगमळ्याला कड्यावरून उडी घेते, मेढ्याकडे उतरते आणि साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेस मिळते.

१६/
तलावाची जागा नीट पाहिली की ती निवडणाऱ्यांची समज लक्षात येते. माथ्यावरचे पाणी जांभ्यातून निसटून जाते, हे वर आलेच. म्हणून झिरपलेले पाणी जिथे पुन्हा प्रवाहाच्या रूपाने एकत्र येते, तिथेच ते अडवायचे. पठारावरील उथळ खोलगटीत नदी अजून लहान आहे. पुढे कडा लागला की अडवणे अशक्य. या दोहोंमधल्या पट्ट्यात बांध पडला. तंत्र साधे; सह्याद्रीतील गावतळी याच तत्त्वावर बांधलेली दिसतात.

१७/
प्रश्न असा : हा तलाव कोणासाठी होता? एक वाचन सरळ आहे. लाभ मुख्यतः इंग्रजांच्या बागांना, म्हणजे राजाने गादी देणाऱ्यांची मर्जी राखली. हे वाचन खोटे ठरवता येत नाही. परंतु त्याच राजाच्या कारकीर्दीत राज्यात इतरत्रही रस्ते आणि पूल झाले. तळे बांधणे, वाट बांधणे ही राजाची कर्तव्ये आहेत, ही समजूत इंग्रजांच्या आगमनाहून कितीतरी जुनी आहे.

१८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे घाई करू नये. ‘अंकित राजा’ आणि ‘लोकोपयोगी कामे करणारा राजा’ ही दोन्ही वर्णने एकाच माणसाला लागू पडू शकतात. प्रतापसिंहांनीही ब्रिग्जच्या आग्रहावरून घाटरस्ता बांधलाच होता. तो रस्ता आपण दूरदृष्टी म्हणून वाचतो आणि आप्पासाहेबांचा तलाव लाचारी म्हणून. दोन मोजमापे का, याचे उत्तर दोघांच्या कामांत सापडत नाही. ते १८३९ च्या घटनेत सापडते.

१९/
कंपनीशी जमवून घेतल्याचे फळ काय मिळाले? ५ एप्रिल १८४८ रोजी आप्पासाहेब निपुत्रिक वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचे मत दत्तक मान्य करावा असे होते. पण गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यांनी दत्तक नामंजूर केला. संचालक मंडळाच्या संमतीने १८४९ मध्ये सातारा खालसा झाले. डलहौसीच्या या धोरणात बळी पडलेले हे पहिले मोठे संस्थान.

२०/
येथे एक उपरोध नोंदवण्याजोगा आहे. महाबळेश्वरला पहिल्यांदा बंगली बांधणारे जॉन ब्रिग्ज पुढे इंग्लंडला कंपनीच्या भागधारकांच्या सभेत डलहौसीच्या खालसा धोरणाचे विरोधक म्हणून उभे राहिले. तेव्हा वाकून राहिलेला भाऊ आणि न वाकलेला भाऊ, दोघांच्याही वाट्याला शेवटी एकच निकाल आला. गादी गेली. तलाव होता तिथेच राहिला आणि आता तो थेट इंग्रजांच्या अंमलाखाली आला.

२१/
या अंमलात डोंगराच्या प्रत्येक टोकाला इंग्रजी नाव मिळाले : आर्थर सीट, एल्फिन्स्टन पॉइंट, लॉडविक पॉइंट, केट्स पॉइंट, विल्सन पॉइंट. माथेरानचा तलाव ‘शार्लोट लेक’ झाला. वेण्णा तलावाला मात्र नदीचेच नाव राहिले. बांधवणाऱ्या राजाचे नाव त्याला मिळाले नाही, पण कोणा गव्हर्नरच्या पत्नीचेही मिळाले नाही.

२२/
पुढच्या काळात पाण्याचे काम बदलले. वस्ती वाढली, विहिरी आणि झरे अपुरे पडू लागले, पखालींची जागा नळाने घेतली. बागांसाठी बांधलेला तलाव गावाला पाणी पाजू लागला. आज महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही गिरिस्थानांची भिस्त मुख्यतः वेण्णेच्या पाण्यावर आहे. याच काळात नौकाविहार ही तलावाची दुसरी ओळख बनली. नगरपरिषदेच्या बोट क्लबच्या होड्या हे आता महाबळेश्वरचे चित्रच झाले आहे.

२३/
एकाच तलावाने तहान आणि हौस दोन्ही भागवणे ही सामान्य गोष्ट नाही. तुलनेसाठी मुंबई पाहावी. विहार तलाव १८६० च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठी झाला आणि आज तो सर्वसामान्यांसाठी बंद आहे. पवई तलावही १८९० च्या दशकात त्याच हेतूने झाला. त्याचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले आणि तो फिरण्याचे ठिकाण उरला. एकाने हौस सोडली, दुसऱ्याने तहान. वेण्णा आजही दोन्ही सांभाळतो.

२४/
सांभाळणे किती नाजूक आहे, हे साध्या गणिताने कळते. २८ एकरांवरील एक फूट पाणी म्हणजे सुमारे साडेतीन कोटी लिटर. समजा, स्थानिक आणि पाहुणे मिळून २० हजार माणसे आहेत आणि प्रत्येकी दिवसाला १०० लिटर पाणी लागते. म्हणजे दिवसाला २० लाख लिटर. तलावाची एक फूट पातळी सतरा-अठरा दिवसांत संपते. यात बाष्पीभवन धरलेले नाही, हॉटेलांच्या बागाही धरलेल्या नाहीत.

२५/
गणिताचा विषय निघालाच आहे, तर एक दुरुस्ती. असंख्य पर्यटन पुस्तिकांत आणि संकेतस्थळांवर लिहिलेले असते की तलावाचे क्षेत्रफळ २८ एकर आणि परीघ ७ ते ८ किलोमीटर. २८ एकर म्हणजे सुमारे ११.३ हेक्टर. एवढ्या क्षेत्राच्या वर्तुळाचा परीघ जेमतेम १.२ किलोमीटर भरतो. तलाव लांबट आणि वाकडातिकडा असला तरी एवढी तफावत भरून निघणे कठीण. दोन्ही आकडे एकदम खरे असण्याचा संभव फार कमी. वाक्य एकाने लिहिले, बाकीच्यांनी उतरवले. साधनचिकित्सेची सुरुवात अशा ठिकाणी कागद-पेन्सिल घेऊन होते.

२६/
तलावाचा खरा शत्रू होडी नाही. वल्ह्याच्या होडीने पाणी बिघडत नाही. काठावरची घोड्यांची लीद, खाद्यपदार्थांच्या गाड्यांचा कचरा, वरच्या उतारांवरील बांधकामांची आणि शेताची माती पहिल्या पावसात तलावात उतरते. गाळ साचला की तेवढीच साठवण कमी होते. पृष्ठभाग तेवढाच दिसतो, छायाचित्रही तेवढेच सुंदर येते. खोली मात्र कमी झालेली असते.

२७/
१७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. बांधकाम, वृक्षतोड, जमिनीचा वापर यांवर निर्बंध आले. त्यामागे अनेक कारणे होती; पाणलोटाचे रक्षण हे त्यांतील एक. तलाव म्हणजे केवळ २८ एकर नव्हेत. ज्या उतारांवरून त्यात पाणी येते, ते सारे उतार तलावाचाच भाग आहेत. ही गोष्ट कायद्याने १६० वर्षांनी लिहून ठेवली.

२८/
दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत मराठी वृत्तपत्रांत एक छायाचित्र हमखास येते : वेण्णा तलावाच्या जेटीवर, काठच्या गवतावर गोठलेले दवबिंदू. ते पाहून गाड्यांची रांग लागते. त्या दिवसांत तलाव बऱ्यापैकी भरलेला असतो. तोच पर्यटक मे महिन्यात आला, तर त्याला काठाचा तडकलेला चिखल दिसतो आणि हॉटेलाच्या दारात पाण्याचा टँकर.

२९/
शेवटी पुन्हा आप्पासाहेब. त्यांच्यावरचा आरोप या तलावाने पुसला जात नाही. भावाच्या पदच्युतीचा लाभ त्यांनी घेतला, हे सत्य आहे. पण एखाद्या राजवटीचा हिशेब मांडताना गादी कशी मिळाली, एवढा एकच रकाना पुरत नाही. त्या गादीवर बसून प्रजेच्या प्रदेशात काय उभे राहिले आणि ते कोणाच्या उपयोगी पडले, हेही लिहावे लागते. १८४२ मध्ये ज्या बागांसाठी पाणी अडवले गेले, त्या बागांचे साहेब निघून गेले. आज ते पाणी बाजारातला हमाल पितो, शाळकरी मुले पितात, घोडेवाला पितो.

३०/
पुढच्या वेळी वेण्णा तलावावर गेल्यावर होडीत जरूर बसावे. उतरताना हातातली बाटली आणि कणसाचा बुरखुंडा काठावर टाकू नये, कारण गावाचा रांजण तोच आहे. आणि सोबत कोणी विचारले, ‘हा तलाव इंग्रजांनी बांधला ना?’ तर उत्तर द्यावे : नाही. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी, १८४२ मध्ये.